ब्रुज, ११२७ : काउंटचा खून, भूदासत्वाचा वाद आणि चर्च

प्रकरणाची ओळख

२ मार्च ११२७, बुधवार. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातली सकाळ. फ्लँडर्सचा काउंट चार्ल्स ब्रुजमधल्या सेंट डोनेशियन चर्चच्या वरच्या सज्ज्यात प्रार्थना करत असताना तलवारीच्या वारांनी मारला गेला. मारणारे परके नव्हते. ज्यांनी त्याच्या हातात हात देऊन एकनिष्ठेची शपथ घेतली होती, त्यांतलेच काही जण त्यात होते. ज्या चर्चमध्ये हे घडले त्या चर्चचा प्रमुख बेर्टुल्फ हा मारेकऱ्यांच्या घराण्यातला वडीलधारा होता, आणि तोच काउंटच्या कारभाराचा मुख्य सचिवही होता.

सरंजामी व्यवस्थेविषयी वाचताना राजा, सामंत, सरदार आणि भूदास (जन्माने धन्याच्या मालकीचा, अस्वतंत्र माणूस) अशी उतरंड डोळ्यांसमोर येते आणि चर्च तिच्या बाजूला, वेगळ्या चौकटीत उभे असल्यासारखे वाटते. ब्रुजचे प्रकरण हे चित्र मोडते. इथे चर्च दरबारात आहे, घराण्याच्या महत्त्वाकांक्षेत आहे, शपथेच्या विधीत आहे, खुनाच्या जागी आहे आणि नंतरच्या न्यायनिवाड्यातही आहे. हे प्रकरण इतक्या तपशिलाने सांगता येते याचे श्रेय गाल्बर्ट नावाच्या एका कारकुनाला जाते. तो काउंटच्या दफ्तरात लेखनिक होता, म्हणजे कामाच्या दृष्टीने बेर्टुल्फच्याच हाताखाली होता. शहरात वेढा आणि मारामारी चालू असताना त्याने मेणाच्या पाट्यांवर रोजच्या रोज नोंदी केल्या आणि सवड मिळेल तशा त्या सलग लिहून काढल्या. तो तटस्थ नाही. मृत काउंटवर त्याची भक्ती आहे आणि मारेकऱ्यांचा त्याला राग आहे. तरी पुढेपुढे घटना त्याच्या अपेक्षेविरुद्ध वळू लागतात, तेव्हा तो स्वतःची मते बदलतो आणि बदलल्याची खूण पुसत नाही. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

पार्श्वभूमी

बाराव्या शतकाच्या आरंभी फ्लँडर्स हा उत्तर युरोपातला श्रीमंत मुलूख होता. ब्रुज, गेंट, ईप्र, लील आणि सेंट ओमेर ही शहरे कापडाच्या व्यापारावर वाढत होती. काउंट हा बहुतांश मुलखासाठी फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता आणि काही भागासाठी जर्मन सम्राटाचा. एकाच माणसाने दोन स्वामींचे मांडलिक असणे त्या काळी नवलाचे नव्हते.

चार्ल्स हा डेन्मार्कचा राजा चौथा कॅन्यूट आणि फ्लँडर्सची राजकन्या अडेला यांचा मुलगा. १०८६ मध्ये बंडखोरांनी कॅन्यूटला ओडेन्समध्ये चर्चमध्येच ठार केल्यावर आई मुलाला घेऊन माहेरी आली. चार्ल्स फ्लँडर्समध्ये वाढला आणि मामेभाऊ सातवा बाल्डविन निपुत्रिक वारल्यावर १११९ मध्ये काउंट झाला. ११२४ ते ११२६ या दुष्काळात त्याने केलेला कारभार आजही वाचण्याजोगा आहे. धान्य वाचावे म्हणून बिअर गाळण्यास मनाई, पेरणीत लवकर हाती येणाऱ्या वाटाण्याला आणि घेवड्याला जागा, दारूचा भाव इतका खाली बांधून देणे की व्यापाऱ्यांनी दारूऐवजी धान्य आणावे, असे ते हुकूम होते. गोरगरिबांसाठी रोजचे अन्नदान चालू होते. 'सज्जन' हे विशेषण त्याला यातून मिळाले.

या प्रकरणासाठी त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. चर्चने ९८९ च्या शारू परिषदेपासून 'देवाची शांतता' या नावाने एक चळवळ चालवली होती: पुरोहित, शेतकरी आणि निःशस्त्र माणसांवर हात टाकणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करायचे. हळूहळू मोठ्या सामंतांनी ही शांतता राखण्याचे काम स्वतःकडे घेतले, कारण त्यातून त्यांची सत्ताही वाढत होती. चार्ल्सने बाजारात आणि किल्ल्यात शस्त्र बाळगण्यास बंदी घातली आणि तंटे न्यायसभेत आणण्याचा आग्रह धरला. तलवारीचा वाद कायद्याच्या शब्दांत मांडावा लागू लागला. त्यामुळे आजवर कोणी न विचारलेला एक प्रश्न उघड्यावर आला: न्यायसभेत उभा राहणारा माणूस स्वतंत्र आहे की नाही?

घराणे आणि त्याची अडचण

एरेम्बाल्ड घराणे ब्रुजमधले सर्वांत बलाढ्य होते. मूळ पुरुष एरेम्बाल्ड हा आधीच्या किल्लेदाराच्या पदरचा माणूस. किल्लेदाराच्या पत्नीशी त्याचे संबंध होते, त्याने धन्याला नदीत ढकलले आणि मग त्याच विधवेशी लग्न करून किल्लेदारी मिळवली, असे गाल्बर्ट सांगतो. ही कथा बहुधा घराण्याच्या वैऱ्यांनी वाढवली असावी. पुढच्या पिढीची स्थिती मात्र निर्विवाद आहे. एक मुलगा, हॅकेट, ब्रुजचा किल्लेदार होता. दुसरा, बेर्टुल्फ, १०९१ पासून सेंट डोनेशियनचा प्रोव्होस्ट, म्हणजे तिथल्या पुरोहितमंडळाचा प्रमुख होता. १०८९ च्या सनदेने या पदाला काउंटच्या साऱ्या लेखनिकांचे आणि महसुली हिशेबाचे प्रमुखपद जोडलेले होते. थोडक्यात, किल्ला, चर्च आणि दफ्तर ही तिन्ही एका घरात होती. बेर्टुल्फने आपल्या भाच्यापुतण्यांची लग्ने मोठमोठ्या सरदार घराण्यांत लावून दिली होती.

अडचण एवढीच होती की हे घराणे जन्माने काउंटचे भूदास होते, किंवा निदान तसे म्हणता येत होते. ही गोष्ट जुनी होती आणि विस्मरणात गेली होती. ती वर आली एका द्वंद्वयुद्धाच्या आव्हानामुळे. बेर्टुल्फच्या भाचीशी लग्न केलेल्या एका सरदाराने काउंटच्या दरबारात दुसऱ्या सरदाराला आव्हान दिले. त्या दुसऱ्याने उत्तर दिले की मी स्वतंत्र माणूस आहे आणि भूदासाशी लढून स्वतःची बरोबरी त्याच्याशी करणार नाही. कारण स्वतंत्र पुरुषाने भूदास स्त्रीशी लग्न करून तिला वर्षभर नांदवले, तर काउंटच्या कायद्याने तोही तिच्याच दर्जाचा होतो. आव्हान देणाऱ्याला हा धक्का होता, कारण सासरच्यांची प्रतिष्ठा पाहूनच त्याने हे लग्न केले होते.

चार्ल्सने मुलखातल्या जाणत्या वयस्कांकडून चौकशी केली आणि हे घराणे आपल्या मालकीचे आहे असा दावा पुढे आणला. बेर्टुल्फ खवळला. 'मी मनात आणले नसते तर हा डेन्मार्कचा चार्ल्स काउंट झालाच नसता,' अशा आशयाचे त्याचे उद्गार गाल्बर्टने नोंदवले आहेत. त्याच्यासाठी धोका फक्त अब्रूचा नव्हता. चर्चच्या नियमाप्रमाणे धन्याने मुक्त केल्याशिवाय भूदासाला पुरोहितपदाची दीक्षा देता येत नसे. दावा सिद्ध झाला असता तर छत्तीस वर्षे सांभाळलेल्या पदाच्या पायालाच हात लागला असता, आणि भाच्यांची लग्ने ज्या घरांत झाली ती सारी घरेही खाली ओढली गेली असती.

समोर असलेले पर्याय

चार्ल्सपुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे प्रश्न आला तसा विरू देणे. आधीच्या काउंटांनी तेच केले होते. पण आता तो भर दरबारात विचारला गेला होता, आणि तो टाळला असता तर न्यायसभेचा आग्रह धरणारा धनी सोयीप्रमाणे डोळे मिटतो असे झाले असते. दुसरी वाट म्हणजे दावा मान्य करून घ्यायचा आणि लगेच विधिवत मुक्तता द्यायची. मुक्ततेचे विधी चर्चच्याच साक्षीने होत, ते सर्वांच्या परिचयाचे होते. जर्मन मुलखात तर जन्माने बंधनात असलेले पण शस्त्रधारी आणि मानाची पदे भूषवणारे सेवकसरदार हा एक रूढ वर्ग होता. म्हणजे दर्जा आणि प्रतिष्ठा यांची सांगड घालणारी मधली पायरी शेजारीच उपलब्ध होती. तिसरी वाट म्हणजे दावा शेवटपर्यंत नेणे. चार्ल्सने ही धरली.

बेर्टुल्फपुढेही पर्याय होते. तो बिशपकडे जाऊ शकत होता, पण टूर्नेचा बिशप सिमोन हा काउंटच्या पत्नीचा भाऊ होता. फ्रान्सच्या राजाकडे दाद मागता आली असती, पण वेळ लागला असता. किंवा तो वाट पाहू शकत होता, कारण चार्ल्सला मूलबाळ नव्हते. न्याय मागायला जे दार होते, त्यामागे काउंटचा मेहुणा बसलेला होता. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण भूदासत्वाच्या वादात चर्च हे त्रयस्थ पंच होऊ शकले नाही ते नेमके यामुळे.

घटना कशा घडल्या

दर्जाचा वाद चालू असतानाच बेर्टुल्फचा पुतण्या बोर्सिआर्ड आणि शेजारचा सरदार थँक्मार यांच्यात वैर पेटले. बोर्सिआर्डच्या माणसांनी थँक्मारच्या मुलखावर धाड घातली आणि शेतकऱ्यांची गुरेढोरे लुटली. काउंट फ्रान्सहून परतून ईप्रमध्ये असताना सुमारे दोनशे शेतकरी रात्री गुपचूप येऊन त्याच्या पायाशी बसले आणि त्यांनी गाऱ्हाणे मांडले. न्यायसभा भरली. शांतता मोडणाऱ्याचे घर जाळण्याची शिक्षा फ्लँडर्समध्ये रूढ होती. तीच सुनावण्यात आली आणि चार्ल्सने स्वतः जाऊन बोर्सिआर्डचे घर जाळले.

मग तो ब्रुजला आला. बेर्टुल्फच्या बाजूने मध्यस्थ त्याला भेटले. त्याने उत्तर दिले की तंटा थांबवाल तर मी दया दाखवीन आणि बोर्सिआर्डला आधीपेक्षा चांगले घरही देईन. मात्र जिथे घर जाळले तिथे, थँक्मारच्या शेजारी, त्याला पुन्हा राहू देणार नाही. मध्यस्थांनी फार रेटले नाही. मद्य मागवले गेले, प्याले भरले गेले आणि ते निघाले. बेर्टुल्फच्या घरी त्यांनी निरोप दिला तो असा की आपल्याला कसलीही दया मिळाली नाही. एक बरे उत्तर नकार होऊन पोचले.

त्याच रात्री बोर्सिआर्ड, काउंटचाच चेंबरलेन (खासगी दालनाचा अधिकारी) इसाक आणि इतर काही जण एका खोलीत जमले आणि त्यांनी एकमेकांच्या उजव्या हातात हात देऊन वचन बांधले. घराण्यातला तरुण रॉबर्ट सर्वांचा लाडका होता. त्याला आधी हात द्यायला लावले आणि काय ठरले आहे ते नंतर सांगितले. ते ऐकून तो रडला. आपला धनी आणि देशाचा काउंट, त्याच्याशी असा विश्वासघात आपल्याकडून कधी घडू नये, असे तो म्हणाला. मग त्यांनी, ही थट्टा होती, अशी त्याची समजूत काढली. घरातल्या चाकरांना सुगावा लागू नये म्हणून दिवे मालवून बाकीचा बेत ठरला. एकाच माणसाचा हात दोन वचनांत अडकलेला इथे दिसतो: एक धन्याला दिलेले, दुसरे रक्ताच्या नात्याला. सरंजामी नात्याचा सारा ताण या एका खोलीत पाहायला मिळतो. या व्यवस्थेत शपथ पवित्र होती, पण कोणती शपथ श्रेष्ठ याचा निर्णय देणारी जागा नव्हती.

सकाळी दाट धुके होते. भाल्याच्या लांबीपलीकडचे काही दिसत नव्हते, असे गाल्बर्ट लिहितो. चार्ल्स चर्चच्या सज्ज्यात गुडघे टेकून स्तोत्रे म्हणत होता आणि गरिबांच्या हातांवर नाणी ठेवत होता. मारेकऱ्यांनी तिथेच वार केले. बूरबूर्गचा किल्लेदार आणि त्याचे मुलगेही त्या दिवशी मारले गेले. ईप्रच्या जत्रेत बातमी पोचताच परदेशी व्यापाऱ्यांनी माल आवरून पळ काढला.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. गेंटचा एक मठाधिपती काउंटचे शव नेण्यासाठी आला. संताचा देह ज्या चर्चमध्ये असेल त्या चर्चची प्रतिष्ठा आणि यात्रेकरू वाढतात, हे उघड होते. ब्रुजचे पुरोहित आणि नागरिक आडवे आले आणि शव तिथेच पुरले गेले. बिशप सिमोनने मारेकऱ्यांना धर्मबहिष्कृत केले. काउंटचा दुसरा चेंबरलेन गेर्वाज याने सैन्य घेऊन चाल केली, नागरिकांनी वेशी उघडल्या आणि किल्ल्याला वेढा पडला. वेढ्याच्या दिवसांत एक दृश्य घडले ते या सगळ्या नात्यांचे मर्म सांगते. आत अडकलेल्यांचे कालपर्यंतचे मांडलिक बाहेर उभे होते. त्यांच्या वतीने एकाने जाहीर केले की आजवर पाळलेली निष्ठा आणि मांडलिकत्व आम्ही फेकून देत आहोत. आणि जमलेल्यांनी गवताच्या काड्या उचलून धन्यांच्या दिशेने भिरकावल्या. नाते जोडायला जसा विधी होता तसा तोडायलाही होता, आणि तो दोन्ही बाजूंना दिसेल असा उघड्यावर करावा लागे.

मारेकरी आधी किल्ल्यातून चर्चमध्ये आणि चर्चमधून मनोऱ्यात मागे सरले. एप्रिलमध्ये ते शरण आले आणि ५ मे रोजी त्यांना मनोऱ्यावरून खाली ढकलण्यात आले. बेर्टुल्फ पळून गेला होता. तो सापडला आणि ईप्रमध्ये ११ एप्रिलला फासावर चढला. बोर्सिआर्डला लीलमध्ये चाकाला बांधून मारले. तरुण रॉबर्टसाठी ब्रुजच्या लोकांनी दयेची याचना केली. फ्रान्सच्या राजाने त्याला शहराबाहेर नेऊन त्याचा शिरच्छेद केला. किल्लेदार हॅकेट निसटला आणि काही वर्षांनी निर्दोष ठरून पुन्हा पदावर आला.

वारसाचा पेच

चार्ल्सच्या मृत्यूने दुसरा, अधिक मोठा प्रश्न उभा केला: नवा काउंट कोण निवडणार? फ्रान्सचा राजा सहावा लुई आर्रासला आला आणि त्याने विल्यम क्लिटोला पुढे केले. क्लिटो हा इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा नातू; इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा तो पुतण्या आणि वैरी असल्यामुळे लुईच्या सोयीचा होता. त्याच्याहून जवळचे नाते सांगणारा आल्सासचा थिएरी बाजूला राहिला. ब्रुज आणि गेंटच्या नागरिकांनी आपसांत शपथ घेतली होती की एकमेकांना विचारल्याखेरीज कोणाला मान्यता द्यायची नाही. म्हणून क्लिटोला वाटाघाट करावी लागली. ६ एप्रिल ११२७ रोजी संतांचे अवशेष, म्हणजे चर्चमध्ये जपलेल्या त्यांच्या अस्थी, मैदानात आणले गेले. आधी सेंट डोनेशियन चर्चच्या हक्कांची सनद वाचली गेली, मग नागरिकांशी झालेला करार: जकात आणि घरपट्टी माफ. राजा आणि काउंट दोघांनी अवशेषांवर शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सरदारांनी मांडलिकत्व स्वीकारले, आणि गाल्बर्टने तो विधी पायरीपायरीने लिहून ठेवला. काउंट विचारी, 'माझा माणूस होण्याची तुझी संपूर्ण इच्छा आहे का?' समोरचा म्हणे, 'आहे.' मग तो आपले जोडलेले हात काउंटच्या हातांत देई आणि चुंबनाने दोघे बांधले जात. नंतर तो काउंटच्या प्रतिनिधीजवळ निष्ठेचे वचन देई, तेच वचन पुन्हा संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथेवर म्हणे, आणि शेवटी काउंट हातातल्या छडीने त्याला जहागिरीचा अधिकार देई. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. प्रश्न काउंट विचारतो, उत्तर समोरचा स्वतःच्या तोंडाने देतो, मग देव साक्षीला येतो, आणि जमीन सर्वांत शेवटी येते. चर्चचे अवशेष बाजूला काढले तर वचन मोडण्याला पापाचे वजन उरत नाही.

करार फार दिवस टिकला नाही. ब्रुजची जकात ही काही सरदारांना जहागीर म्हणून दिलेली होती. नागरिकांना ती माफ करताना क्लिटोने त्या सरदारांना विचारलेच नव्हते. ते तक्रार घेऊन आले आणि सप्टेंबरमध्ये क्लिटोने जकात पुन्हा मागितली. त्याआधी १ ऑगस्टला लीलच्या जत्रेत त्याने आपला एक भूदास पकडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा शहरच उठले. फेब्रुवारी ११२८ मध्ये सेंट ओमेर आणि गेंट बिथरले.

गेंटमध्ये १६ फेब्रुवारीला आल्स्टचा सरदार इवान नागरिकांच्या वतीने काउंटसमोर उभा राहिला. तुम्ही शपथ मोडली आहे, तेव्हा मुलखाच्या मध्यावर, ईप्रमध्ये, दोन्ही बाजूंचे सरदार, पुरोहित आणि जाणते नागरिक यांची सभा बसवा. तिने तुम्हाला निर्दोष ठरवले तर काउंट राहा, नाहीतर पद सोडा, असे त्याने मांडले. क्लिटो उसळून पुढे आला. इवानचे मांडलिकत्व परत फेकून त्याच्याशी द्वंद्व करायची त्याची तयारी होती. इवानने ते नाकारले आणि ८ मार्चचा दिवस ठरवला. त्या दिवशी क्लिटो ईप्रमध्ये शस्त्रसज्ज होऊन आला, तेव्हा सभा भरलीच नाही.

थिएरीला ब्रुज आणि गेंटने ३० मार्चला काउंट म्हणून स्वीकारले. लुईने समज देण्यासाठी ब्रुजमधले आठ जण आर्रासला बोलावले. नागरिकांचे उत्तर रोखठोक होते: फ्लँडर्सचा काउंट निवडण्याशी राजाचा काही संबंध नाही, निपुत्रिक काउंट वारला तर सरदारांनी आणि नागरिकांनी वारस निवडायचा, आणि राजाला फक्त जहागिरीची ठरलेली सेवा द्यायची. क्लिटोकडून राजाने हजार मार्क घेतल्याचा आरोपही त्यांनी केला. चर्चची वरची फळी राजाच्या बाजूने राहिली आणि थिएरीच्या पक्षावर बहिष्काराचे अस्त्र उगारले गेले.

परिणाम

२१ जून ११२८ रोजी अक्सपूलच्या लढाईत क्लिटो जिंकला. लढाईआधी त्याने आणि त्याच्या सरदारांनी औडेनबर्गच्या मठाधिपतीजवळ पापांची कबुली दिली, लांब केस कापले, भरजरी कपडे उतरवले आणि यापुढे गरिबांचे आणि चर्चचे रक्षण करण्याचे वचन दिले. गाल्बर्टला हे लिहिताना त्रास झाला असणार, कारण त्याची सहानुभूती दुसरीकडे होती; पण देवाने त्या दिवशी कोणाला कौल दिला ते त्याने लपवले नाही. जुलैच्या अखेरीस आल्स्टच्या वेढ्यात क्लिटोच्या हाताला जखम झाली, ती चिघळली आणि तो मेला. थिएरीला मग सर्वांनी मान्यता दिली, लुईनेही दिली. त्याने ११६८ पर्यंत राज्य केले. चार्ल्सची भक्ती चालू राहिली आणि १८८२ मध्ये पोप तेरावा लिओ याने तिला औपचारिक मान्यता दिली. सेंट डोनेशियन चर्च १७९९ मध्ये पाडले गेले.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा दर्जाच्या चौकशीचा. चार्ल्सची चूक चौकशी करण्यात होती असे मला वाटत नाही. चर्चच्या शांततेच्या शिकवणीवर उभी केलेली न्यायसभा हा प्रश्न टाळू शकत नव्हती. चूक ही की दावा करताना त्याने शेवट सांगितला नाही. 'तुम्ही माझे आहात' या वाक्याला 'आणि म्हणून मी तुम्हाला मुक्त करतो' हे दुसरे अर्धे जोडायचे होते. त्यासाठी सेंट डोनेशियनचीच वेदी आणि बिशपची साक्ष पुरेशी होती. काउंटचा हक्कही शाबूत राहिला असता आणि बेर्टुल्फचे पदही.

दुसरा टप्पा घर जाळण्याचा. शिक्षा कायदेशीर होती, शेतकऱ्यांना न्याय मिळणे आवश्यकच होते. पण बोर्सिआर्डच्या गुन्ह्याची शिक्षा आणि साऱ्या घराण्याच्या दर्जाचा दावा ही दोन प्रकरणे एकाच काळात एकाच काउंटच्या हातून आली, तेव्हा घराण्याला ती एकच वाटली. लुटीची भरपाई आणि ओलीस माणसे घेऊन हा तंटा वेगळा ठेवता आला असता, आणि दर्जाचा वाद त्यानंतर स्वतंत्रपणे चालला असता.

तिसरा टप्पा त्या रात्रीच्या निरोपाचा. काउंटने दिलेली सवलत खरी होती. ती तोंडी आणि मद्याच्या बैठकीत दिली गेली. ज्या समाजात जमीन देताना प्रश्न, उत्तर, हात, चुंबन, शपथ आणि छडी असा सहा पायऱ्यांचा विधी केला जाई, त्या समाजात इतकी मोठी तडजोड कोणत्याही विधीशिवाय पाठवली गेली, हे मला सर्वांत अधिक खटकते. बेर्टुल्फला समोर बोलावून अवशेषांच्या साक्षीने हे शब्द बोलले गेले असते, तर निरोप्यांना त्यात बदल करता आला नसता.

बेर्टुल्फच्या बाजूने पाहिले तर त्याच्या पदाने त्याला एक साधन दिले होते, ते त्याने वापरले नाही. प्रोव्होस्ट म्हणून तो पुतण्यांना उपवासकाळात हत्यार ठेवायला लावू शकत होता. पुरोहित म्हणून त्याला ते बंधनच होते. कुटुंबप्रमुख आणि पुरोहित या दोन भूमिका एकाच अंगावर आल्या आणि धाकट्यांनी त्याच्यात फक्त कुटुंबप्रमुख पाहिला. बिशप सिमोनची अडचण याचेच दुसरे रूप आहे. तो मेहुणा नसता, तर घराण्याला दाद मागायला एक तरी जागा राहिली असती.

क्लिटोच्या निर्णयाला मात्र सबब नाही. एकाच जकातीवर दोघांचा हक्क होता: सरदारांचा जहागिरीने, नागरिकांचा नव्या शपथेने. ६ एप्रिलला शपथ घेण्याआधी त्या जहागीरदारांना दुसरे उत्पन्न ठरवून देणे, एवढेच करायचे होते, आणि ते त्या आठवड्यात शक्य होते, कारण सगळे सरदार दुसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे हात जोडून उभे राहणार होते. ईप्रची सभा त्याने निःशस्त्र होऊन भरू दिली असती, तरी जकातीचा हा तिढा तिथे सुटू शकला असता. इवानच्या मागणीतच पुरोहित, सरदार आणि नागरिक एका बाकावर बसणार होते, आणि निकाल विरुद्ध गेला तरी रक्तपात न होता पद सोडण्याची वाट त्या मागणीत उघडी ठेवलेली होती.